शुगर मोजली, पाय कोणी पाहिले?

बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार वर आला होता आणि त्यावर पाय ठेवून ते तीन दिवस चालत होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय ६२, शुगर १२ वर्षांपासून. चौथ्या दिवशी ओसरीवरच्या फरशीवर रक्ताचे ठसे दिसले म्हणून सून त्यांना घेऊन आली. मी चप्पल उलटी करून धरली तेव्हा काटा त्यांनी पहिल्यांदा पाहिला. "पण दुखत तर काहीच नव्हतं हो," ते म्हणाले. दुखत नाही म्हणजे फार काही नसणार, असा त्यांचा भरवसा होता.

पिशवीत जाड फाइल होती. सहा वर्षांचे रिपोर्ट तारखेवार लावलेले: उपाशीपोटी, जेवणानंतर, तीन महिन्यांची सरासरी. कागदाला नीट भोकं पाडून, मास्तरांच्या हातानं लावलेली फाइल. तिच्यात पायाबद्दल एक ओळ नव्हती. मी विचारलं, आजवर कुणी पायातलं काढायला लावून पाय पाहिला होता का? त्यांनी आठवून पाहिलं. नव्हता पाहिला. त्या वेळी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, पाय वाचला. प्रत्येकाच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही.

तालुक्याच्या गावात शस्त्रक्रिया करायला लागून मला बरीच वर्षं झाली. 'शुगरमुळे पाय काढावा लागला' हे वाक्य आपल्याकडे 'विहिरीला पाणी लागलं नाही' या चालीवर बोललं जातं, म्हणजे कुणाच्या हातात नव्हतं. मला हे मान्य नाही. शुगर वाढली आणि पाय गेला, असं सरळ होत नाही. मधे पाच-दहा वर्षं असतात. त्या वर्षांत पाय हळूहळू बधिर होतो, आणि तो बधिर झालाय हे कुणी तपासत नाही. जखम झाल्यावर मलमपट्टी होते, पण जखमेवरचा भार कुणी काढत नाही. बधिर पाय कसा सांभाळायचा ही विद्या परदेशातून आणायचीही गरज नाही. तिचा मोठा भाग याच देशात, कुष्ठरुग्णांच्या सेवेतून तयार झाला. सरकार ती आजही कुष्ठरुग्णांसाठी वापरतं. तोच बधिर पाय मधुमेहामुळे झाला असेल, तर ती का वापरत नाही?

प्रश्न किती माणसांचा आहे तेही पाहू. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीनं भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज दिला. प्रौढांमध्ये ११.४ टक्के. जगभरच्या अभ्यासांतून दिसतं की मधुमेह असलेल्या माणसाला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होण्याची शक्यता १९ ते ३४ टक्के असते. मधुमेहींचे जे पाय काढले जातात, त्यांतल्या सुमारे ८५ टक्के पायांना आधी साधी जखम झालेली असते. गुडघ्याखालून किंवा वरून पाय गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक पाच वर्षांत दगावतात. कित्येक कर्करोगांत रुग्ण याहून जास्त जगतात. पण कर्करोगाचं नाव काढलं की घर हादरतं आणि पायाच्या जखमेला हळद लावून शेजारी सांगतो, "उघडी ठेव, वाळेल."

ही जखम तयार कशी होते ते नीट समजून घ्यायला हवं, कारण उपाय तिथेच आहे. मधुमेहात पायाचे मज्जातंतू तीन तऱ्हेनं निकामी होतात. संवेदना जाते, सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात, आणि मग एक दिवस ती जळजळ थांबते. रुग्णाला वाटतं बरं झालं. खरं तर तिथून धोका सुरू होतो. दुसरं, तळपायाचे छोटे स्नायू दुबळे होतात, बोटं वाकडी होऊन आखडतात आणि बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांची टोकं खाली दाबली जातात. तिसरं, घाम येणं बंद होऊन कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. आता या पायावर माणूस दिवसाला हजारो पावलं टाकतो. दाबाच्या जागी घट्टा धरतो. घट्टा म्हणजे पायाखाली कायमचा ठेवलेला खडाच. त्याच्याखाली आतल्या आत रक्त साकळतं, कातडी फुटते आणि जखम बाहेर येते. तुमच्या-माझ्या पायाला असा घट्टा दुखतो, म्हणून आपण नकळत लंगडतो आणि त्या जागेला विश्रांती मिळते. बधिर पायाला लंगडता येत नाही. हा घट्टा हलक्या हातानं, योग्य पात्यानं तासून काढला की त्या जागेचा दाब सुमारे चौथ्या हिश्शानं कमी होतो. पाच मिनिटांचं काम आहे. त्याऐवजी लोक दुकानातून कुरूपाची पट्टी आणून चिकटवतात, तिच्यातलं आम्ल चांगली कातडीही जाळतं. किंवा दाढीच्या ब्लेडनं स्वतःच कापतात.

आपल्याकडची आणखी काही कारणं परदेशी पुस्तकांत कमी सापडतात. मे महिन्यातली देवळाची तापलेली फरशी. नवरात्रातलं अनवाणी चालणं. वारीत अनवाणी पायांनी कापलेला रस्ता. पाय ठणकतात म्हणून गरम पाण्यात बुडवले आणि पाणी किती गरम आहे ते कळलंच नाही, म्हणून आलेले फोड. मोटारसायकलचा सायलेन्सर. भातखाचरात दिवसभर उभं राहून बोटांच्या बेचक्यांत झालेल्या चिखल्या आणि त्यांतून आत शिरलेला जंतुसंसर्ग. रात्री झोपेत उंदरानं कुरतडलेली बोटं सुद्धा मी पाहिली आहेत. माणूस सकाळी उठून अंथरुणावर रक्त बघतो तेव्हा त्याला कळतं.

हे उंदरांचं दुखणं तमिळनाडूतल्या वेल्लूरला पंच्याहत्तर वर्षांपूर्वी माहीत होतं. ब्रिटिश शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली तिथल्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोगात हातापायाचं मांस आपोआप सडून झडतं, अशी तेव्हा डॉक्टरांचीही समजूत होती. ब्रँड आणि त्यांचे सहकारी एकेका जखमेचा माग काढत गेले आणि त्यांना दिसलं की मांस सडत नाही. बधिर हातापायांना रोज इजा होते आणि रुग्ण तिच्यावरच वावरत राहतो. कुणाची बोटं रात्रीत आखूड होत, तिथे पहारा ठेवल्यावर उंदीर सापडले. मग रुग्णांना सोबतीला मांजरं देण्यात आली. तळपायाच्या जखमा पायाला नीट बसवलेल्या प्लास्टरमध्ये भरून येऊ लागल्या. मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेल्या चपला तयार झाल्या, तीच आजची एमसीआर चप्पल. १९६६ मध्ये ब्रँड अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिल इथल्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथे त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना उमगलं की मधुमेह्यांच्या पायांची गोष्ट हीच आहे. आज जगभर मधुमेही पाय ज्या १० ग्रॅम भाराला वाकणाऱ्या नायलॉन तंतूनं तपासतात, त्यामागचं कामही कारव्हिलचंच.

महाराष्ट्राला तर हे सगळं घरचं वाटायला हवं. वर्ध्याजवळचं दत्तपूर, अमरावतीचं तपोवन, वरोऱ्याचं आनंदवन या कुष्ठसेवेच्या ठिकाणी बधिर पायांची शुश्रूषा पिढ्यानपिढ्या झाली आहे. कुष्ठरोग निर्मूलनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बधिर पायाच्या रुग्णाला एमसीआर चप्पल मोफत मिळते आणि रोज पाय भिजवणं, तेल लावणं, तपासणं शिकवलं जातं. हे शिकवणारा कर्मचारी आणि मधुमेहाच्या गोळ्या देणारा कर्मचारी अनेकदा एकाच प्राथमिक आरोग्य केंद्रात, शेजारच्या टेबलावर बसतो.

त्याहूनही मला खटकतं ते आशाताईंच्या हातातल्या एका कागदाबद्दल. तिशीपुढच्या माणसांसाठी त्या जी प्रश्नावली भरतात, तिच्यात तळपायाला वारंवार जखमा होतात का, मुंग्या येतात का, हे प्रश्न आधीपासून आहेत. ते कुष्ठरोगाचा संशयित शोधण्यासाठी घातले आहेत. म्हणजे प्रश्न विचारला जातो, उत्तर 'हो' येतं, चट्टा नाही म्हणून कुष्ठरोग नाही असं ठरतं, आणि तो माणूस मधुमेही असला तरी त्या 'हो'चं पुढे काही होत नाही. असंसर्गजन्य आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. त्यानं रक्तदाब आणि शुगर मोजणं गावोगाव पोचवलं, हे मोठं काम आहे आणि मी ते जवळून पाहिलं आहे. आता त्याच टेबलापाशी वाकून पाय पाहायचा आहे.

त्यासाठी यंत्रही लागत नाही. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी रूढ केलेली एक तपासणी घरातला कुणीही करू शकतो. रुग्णानं डोळे मिटायचे. दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीनं हलकेच, एक-दोन सेकंद स्पर्श करायचा; दाबायचं नाही, टोचायचं नाही, पुन्हा लावायचं नाही. कळलं की रुग्णानं 'हो' म्हणायचं. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर पाय बधिर झालाय असं धरून चालायचं. दर वर्षी १४ नोव्हेंबरला गावोगाव मधुमेह शिबिरं होतात आणि बोटाला सुई टोचायला रांग लागते. त्याच रांगेत आणखी एक खुर्ची मांडली तरी हे होईल.

आता जखम झाल्यावर काय होतं ते सांगतो, कारण तिथेच माझ्या व्यवसायाचीही चूक आहे. पट्टी सोडायची, आयोडीन लावायचं, पुन्हा बांधायचं आणि पाच दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या लिहायच्या, याला आपण 'ड्रेसिंग' म्हणतो आणि महिनोन्‌महिने करतो. पण जखमेचं मूल्यमापन म्हणजे काही ठरावीक प्रश्न. जखम पायाच्या कुठल्या भागात आहे? रक्तपुरवठा आहे का? संवेदना आहे का? जंतुसंसर्ग झालाय का? आकार केवढा? खोली किती? या सहा गोष्टींना एकेक गुण देणारी 'सिनबॅड' नावाची पद्धत आहे. ती वापरायला बोटं, तो नायलॉनचा तंतू आणि डोळे पुरतात. मधुमेही पायाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी ती मुद्दाम सुचवली आहे, कारण छोट्या केंद्रातला डॉक्टर मोठ्या रुग्णालयाला फोनवर नेमकं सांगू शकतो. निर्जंतुक बोथट सळई जखमेत घालून पाहिली आणि खटकन हाडाला लागली, तर हाडापर्यंत संसर्ग गेल्याचा दाट संशय धरायचा. एक्स-रेमध्ये तो दिसायला दोन-तीन आठवडेही लागतात. पायाची नाडी हाताला लागत नसेल तर डॉपलर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह पाहण्याची तपासणी, हवंच. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंती चुन्यासारख्या कडक होतात, त्यामुळे घोट्याचा दाब फसवा चांगला दिसू शकतो, हेही ध्यानात ठेवायचं. लाल, गरम, सुजलेला पण जखम नसलेला आणि फारसा न दुखणारा पाय आला, तर तो 'शारको'चा पाय असू शकतो. आतली हाडं मोडत असतात. त्याला सूज उतरायच्या गोळ्या देऊन चालायला लावलं की काही आठवड्यांत तळवा होडीसारखा गोल होतो.

जंतुसंसर्ग नसलेल्या जखमेला प्रतिजैविकं देऊ नयेत, असं या सूचनांत स्पष्ट आहे. तरीही जवळजवळ प्रत्येक रुग्ण माझ्याकडे येईपर्यंत तीन-चार प्रकारची घेऊन आलेला असतो. खिशातले पैसे तिथे संपतात. खरा संसर्ग होतो तेव्हा साधी औषधं लागू पडत नाहीत. आणि जे हमखास काम करतं ते कुणी केलेलं नसतं: भार काढणं.

तळपायाच्या जखमेवर रुग्ण चालत राहिला तर जगातलं कुठलंही मलम तिला भरून आणत नाही. गुडघ्यापर्यंतचं, काढता न येणारं प्लास्टर किंवा तसा बूट हा यावरचा पहिल्या पसंतीचा उपाय आहे. अर्थात रक्तपुरवठा ठीक असेल आणि मोठा संसर्ग नसेल तेव्हा. 'काढता न येणारं' यावर जोर का, तर अमेरिकेत एका अभ्यासात रुग्णांच्या नकळत पावलं मोजली गेली. काढता येणारा बूट दिलेल्यांनी तो दिवसभरातल्या फक्त २८ टक्के पावलांना घातला होता. आळशीपणानं नव्हे. रात्री लघवीला उठताना, ओट्यापाशी पाणी प्यायला जाताना कोण पट्टे बांधत बसतो? दुखत तर नसतंच. हे प्लास्टर घालायला आपल्या अस्थिरोग विभागांतला प्रशिक्षित माणूस थोड्या सरावानं शिकतो. कुष्ठरोग रुग्णालयांतले कर्मचारी तर ते कित्येक वर्षं घालत आले आहेत.

मग हे होत का नाही? मला वाटतं, पैशाची वाट उलट दिशेनं वळवली आहे म्हणून. आपल्या सरकारी विमा योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहेत. पाय काढायचा असेल, सडका भाग कापायचा असेल, तर पैसे मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. पण बाह्यरुग्ण म्हणून दर आठवड्याला बदलायचं प्लास्टर, घट्टा तासणं, मऊ तळाची चप्पल यांना योजनेत जागा नाही. गरीब माणसाला पाय वाचवणं स्वतःच्या खर्चानं आणि पाय घालवणं सरकारी खर्चानं करावं लागतं. हे बदलण्यासाठी माझी एक आग्रहाची मागणी आहे: जीव वाचवण्याची तातडी नसेल, तेव्हा घोट्याच्या वरून पाय काढण्याची मंजुरी देण्याआधी रक्तपुरवठ्याची तपासणी झाल्याची नोंद सक्तीची करा. डॉपलरही न होता पाय गेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांतल्या काहींची बंद रक्तवाहिनी फुग्यानं (अँजिओप्लास्टीनं) उघडता आली असती.

"आशा आणि परिचारिकांवर आधीच किती कामं लादली आहेत," हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. म्हणूनच सगळ्यांचे पाय सारख्याच वेळा पाहायला मी सांगत नाही. संवेदना आणि नाडी शाबूत असलेल्याला वर्षातून एकदा पुरतं. बधिर पायवाल्याला सहा महिने ते वर्षभरातून एकदा. बधिरतेसोबत वाकडी बोटं किंवा कमी रक्तपुरवठा असेल तर तीन ते सहा महिन्यांनी. आणि आधी जखम झाली असेल किंवा बोट गेलं असेल, तर एक ते तीन महिन्यांनी. शेवटच्या गटातले लोक थोडे असतात, धोका सर्वांत जास्त त्यांनाच असतो. जखम भरून आलेल्या १०० जणांपैकी सुमारे ४० जणांना वर्षाच्या आत ती पुन्हा होते. म्हणून 'जखम भरली, आता येऊ नका' हे वाक्य दवाखान्यातून हद्दपार व्हायला हवं.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: नुसतं तपासून पाय वाचतात याचा पुरावा कमी आहे. बरोबर आहे. बधिर पाय सापडला आणि रुग्णाला 'काळजी घ्या' सांगून घरी पाठवलं, तर काहीही वाचणार नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात १९८१ मध्ये डॉक्टर, शल्यविशारद, पादचिकित्सक, परिचारिका आणि बूट बनवणारा असे एकत्र बसू लागले आणि काही वर्षांत तिथे मोठ्या शस्त्रक्रियेनं पाय काढण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. तपासणीला तासणं, चप्पल आणि त्याच आठवड्यात पुढे पाठवण्याची वाट जोडली होती म्हणून ते झालं. प्रशिक्षित परिचारिकेच्या हातून हे काम विकसनशील देशांतही होतं, हे नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारत आणि टांझानियात राबवलेल्या 'स्टेप बाय स्टेप' प्रकल्पात दाखवलं. त्याला आता वीसेक वर्षं झाली.

राहिला चपलेचा प्रश्न, आणि तो फक्त रबराचा नाही. काळ्या रबरी, पट्ट्यांच्या त्या चपला गावात 'महारोग्याच्या चपला' म्हणून ओळखल्या जातात. मधुमेही ती घालायला तयार होत नाही. कुष्ठरोगातून बरी झालेली माणसंही याच कारणानं ती टाळतात. लग्नकार्याला, बाजाराला जाताना अंगठ्याची साधी चप्पल घालतात आणि अंगठ्याच्या बेचक्यात जखम करून घेतात. यावर उपाय म्हणजे दोन्ही आजारांच्या माणसांना सारखीच, दिसायला नेहमीसारखी चप्पल देणं. आत मऊ तळ, खाली काटा न शिरणारा टणक तळ, मागे पट्टा, बोटांमध्ये अंगठा नाही, कुठेही खिळा नाही. एवढं सांगितलं तर आपल्या कारागिरांना ते सहज जमतं. संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ राज्य सरकारचंच आहे. आरोग्य खात्यानं गोळ्यांची मागणी नोंदवावी तशी चपलांची मागणी त्यांच्याकडे नोंदवावी. कारागिरांना काम मिळेल आणि ती चप्पल एका आजाराची खूण राहणार नाही.

मास्तरांना आम्ही तशी चप्पल आमच्या बाजारपेठेत बसणाऱ्या एका कारागिराकडून करून दिली. पहिली फार सैल झाली, दुसरी बसली. पट्टा त्यांनी तपकिरी मागून घेतला, शाळेत घालायचे त्या बुटांच्या रंगाचा. दीड वर्षानं ते उजव्या पायाचा घट्टा दाखवायला आले. घट्ट्याच्या मधोमध काळसर ठिपका होता, आत रक्त साकळायला लागलं होतं. मी तासला, खाली कातडी शाबूत होती. त्यांनी फाइल उघडली. मागच्या बाजूला त्यांनी स्वतः रेघा मारून एक पान केलं होतं: तारीख, डावा, उजवा. त्या दिवसाच्या रकान्यात काय लिहायचं, ते त्यांनी मला विचारलं.